‘संगीत आणि/किंवा गीते’: सॉन्डहाइम यांचे दोन गीतसंग्रह आणि पुरस्कारांचा प्रश्न

न्यू जर्सीला राहणारी माझी भाची गेल्या दिवाळीत आली, तेव्हा सामानाचे वजन भरल्यामुळे एक जाड पुठ्ठ्याचे खोके हातात घेऊनच विमानातून उतरली. ‘मामा, तुझी पेटी परवडली, पण हे नको,’ असे म्हणून तिने ते माझ्यापुढे ठेवले. खोक्याचे नाव ‘हॅट बॉक्स’ आणि आत अमेरिकी संगीत रंगभूमीचे गीतकार-संगीतकार स्टीफन सॉन्डहाइम यांच्या गीतांचे दोन खंड: २०१० साली निघालेला ‘फिनिशिंग द हॅट’ आणि २०११ साली निघालेला ‘लुक, आय मेड अ हॅट’. पहिल्यात १९५४ ते १९८१ या काळातील गीते आहेत, दुसऱ्यात १९८१ ते २०११ या काळातील. दोन्ही नावे त्यांच्याच ‘संडे इन द पार्क विथ जॉर्ज’ या नाटकातील एका गाण्यावरून घेतली आहेत. चित्रातील टोपी पुरी करण्याच्या नादात प्रेयसी निघून जाते, ते कळते, तरीही चित्रकाराला ब्रश खाली ठेवता येत नाही, असे ते गाणे आहे.

ही नुसती गीतांची पोथी नाही. प्रत्येक नाटक कसे जुळून आले याची हकिगत आरंभी आहे, गीताआधी प्रसंग सांगितला आहे, गीत संपूर्ण छापले आहे, तालमीत किंवा प्रयोगांत गळालेली गीतेही दिली आहेत, आणि त्यांच्या जोडीने लेखकाने स्वतःच्याच ओळींची उलटतपासणी केली आहे. पहिल्या खंडाच्या लांबलचक उपशीर्षकात टिपा, तत्त्वे, पाखंड, आकस, कुरकुर आणि किस्से हे सगळे उघड कबूल केले आहे आणि आतला माल त्या पाटीबरहुकूम आहे. सॉन्डहाइम पिवळ्या रेघी कागदांच्या पॅडवर पेन्सिलीने लिहीत, तेही बहुधा कोचावर आडवे पडून. त्या कागदांची छायाचित्रे पुस्तकात आहेत आणि माझ्या मते या दोन्ही खंडांतील सर्वांत मोलाची पाने तीच होत. खोडलेल्या ओळी, कडेला मांडून ठेवलेली यमके, एकाच जागेसाठी आलटूनपालटून पाहिलेले शब्द हे सारे एकदा डोळ्यांनी पाहिले की ‘शब्द काय, सुचतात’ असे म्हणण्याची हिंमत होत नाही.

वस्तू म्हणून पुस्तकांविषयी तक्रारी आहेत. आकार एवढा मोठा आहे की पोटावर ठेवून वाचता येत नाही; टेबलच हवे. टिपांचा टाइप बारीक आहे आणि साठी उलटलेल्या वाचकाला दिवेलागणीनंतर तो त्रास देतो. शिवाय चाल कानांत नसेल तर अनेक गीते कागदावर अर्धीच उमगतात, तेव्हा ध्वनिमुद्रणे हाताशी ठेवूनच वाचायला बसावे लागते. गीत ही कविता नव्हे, ती ऐकण्याच्या वेगाने उलगडायला हवी, असे सॉन्डहाइम स्वतःच बजावतात, म्हणून याला दोष न म्हणता अट म्हणू.

मी मात्र ही पुस्तके एक जुना प्रश्न मनात ठेवून वाचली. गेली तीसेक वर्षे मी हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो. एकदा एका संस्थेच्या नव्या नाटकासाठी मी चार पदेही लिहिली होती. स्पर्धेच्या निकालात तबल्याच्या साथीला प्रमाणपत्र मिळाले, ऑर्गनच्या साथीला म्हणजे मलाही मिळाले. पदांचा उल्लेख निकालपत्रात नव्हता आणि संस्थेने छापलेल्या पत्रिकेतही नव्हता. पदे बेताचीच होती हे आज मान्य करतो. पण जे शब्द दोन तास गायले गेले ते कोणाचे, हे विचारण्याचीही सोय नसावी, ही गोष्ट तेव्हा खटकली ती खटकलीच. पुरस्कार देणाऱ्यांच्या लेखी संगीत नाटकाचा गीतकार असतो तरी कुठे, हा प्रश्न तपासायला न्यूयॉर्कची ब्रॉडवे रंगभूमी सोयीची आहे, कारण तिथल्या टोनी पुरस्कारांची नोंद वर्षवार उपलब्ध आहे. आणि त्या खटल्यात सॉन्डहाइम यांच्यासारखा साक्षीदार नाही: हा माणूस आधी नुसता गीतकार होता, मग गीतकार-संगीतकार झाला, आणि त्याला दोन्ही बाजूंचे अनुभव आहेत.

आधी कारागिरीविषयी. सॉन्डहाइम यांची तीन सूत्रे आहेत: आशयाने घाट ठरवावा, थोडक्यात अधिक सांगावे, आणि देव बारकाव्यात असतो. ही तिन्ही सूत्रे अर्थाच्या स्पष्टतेसाठी राबली पाहिजेत, असे ते लगेच पुढे म्हणतात. सूत्रे म्हणून यांत नवे काही नाही. आमच्याकडच्या कोणत्याही जाणत्या तालीम मास्तरांनी हेच सांगितले असते. गंमत आहे ती ती स्वतःला लावून पाहण्यात. १९५७ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’त मारिया ही पोर्टो रिकोहून आलेली साधी मुलगी प्रेमात पडल्याच्या आनंदात गाते, आणि त्या गाण्यात ‘अलार्मिंग’ला ‘चार्मिंग’ असे आतल्या आत यमक जुळवते. तरुण सॉन्डहाइम स्वतःवर खूश होते. नाटकाची तालीम पाहून शेल्डन हार्निक या दुसऱ्या गीतकाराने हळूच सुचवले की ही मुलगी अशी बोलेल का? ती एखाद्या लंडनच्या उच्चभ्रू दिवाणखान्यात शोभली असती. सॉन्डहाइम यांनी गीत सोपे करून आणले, पण सहकाऱ्यांना पहिलेच हवे होते. ते तसेच राहिले, जगभर गाजले, आणि पुढे आयुष्यभर ते ऐकताना त्यांना कानकोंडे झाल्यासारखे होत राहिले. गीतकाराची चूक म्हणजे काय, हे मला या एका पानावर जेवढे कळले तेवढे कुठल्याही रसग्रहणात कळलेले नव्हते. यमक चुकलेले नाही, उलट ते फारच चांगले जुळले आहे आणि तीच चूक आहे.

दुसऱ्यांची झडती घेतानाही हात आखडता घेतलेला नाही. लॉरेन्झ हार्ट यांच्या एका अतिशय लोकप्रिय गीतात प्रियकराच्या रूपाला ‘छायाचित्र घेता न येणारे’ अशा अर्थाचा शब्द वापरला आहे. हार्टना म्हणायचे होते ‘छायाचित्रात चांगले न दिसणारे’; ज्याचे छायाचित्रच घेता येत नाही ती फक्त रक्तपिपासू भुते, असा सॉन्डहाइम यांचा टोमणा आहे. ऑस्कर हॅमरस्टाइन तर त्यांचे गुरू आणि वडिलांच्या जागी असलेले गृहस्थ. त्यांनाही सोडलेले नाही. प्रार्थना करायला शिकणारा चंडोल ही हॅमरस्टाइन यांची प्रसिद्ध उपमा घेऊन, प्रार्थना शिकणारा चंडोल आणि नुसता गाणारा चंडोल यांतला फरक ओळखायचा कसा, असे ते विचारतात. एक पथ्य त्यांनी पाळले आहे, ते म्हणजे टीका फक्त दिवंगत गीतकारांवरच करायची. हे पथ्य सभ्यपणाचे आहे, पण त्यामुळे पुस्तकाचे नुकसानही झाले आहे. समकालीनांविषयी त्यांना काय वाटत होते हे वाचायला मी आनंदाने आणखी शंभर पाने उलटली असती.

आता टोनी पुरस्कारांकडे वळतो. पहिला समारंभ ६ एप्रिल १९४७ रोजी झाला. त्या वर्षी ‘स्ट्रीट सीन’ या संगीत नाटकाच्या संगीतासाठी कुर्ट वाइल यांना पुरस्कार मिळाला. त्याच नाटकाची गीते लँग्स्टन ह्यूज यांची होती. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवींमध्ये ज्यांचे नाव आधी घ्यावे असा हा कवी. पुरस्कार संगीतकाराचा होता, कवी त्यात नव्हते. म्हणजे हा पायंडा पहिल्या दिवसापासूनचा आहे.

१९५८ साली ‘वेस्ट साइड स्टोरी’ शर्यतीत होते तेव्हा संगीतरचनेचा स्वतंत्र पुरस्कारच दिला जात नव्हता. सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा मान ‘द म्युझिक मॅन’ला गेला आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या वाट्याला नृत्यरचना आणि नेपथ्य हे दोन पुरस्कार आले. त्या काळी वाद्यवृंदाच्या संचालकाला पुरस्कार होता, गीतकाराला नव्हता. (साथीदार म्हणून मला यात आनंद व्हायला हवा, होत नाही.) १९६० साली ‘जिप्सी’ला आठ नामांकने होती आणि एकही पुरस्कार मिळाला नाही. अमेरिकी संगीत रंगभूमीवरील भक्कम गीतलेखनाचे उदाहरण म्हणून ज्यांची नावे आजही आधी घेतली जातात, त्यांत ही दोन्ही नाटके आहेत, आणि दोन्हींत सॉन्डहाइम केवळ गीतकार होते.

‘वेस्ट साइड स्टोरी’ची एक उपकथा पुस्तकात आहे आणि ती विषयाच्या गाभ्याला हात घालते. सुरुवातीला गीतांचे श्रेय संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन आणि सॉन्डहाइम या दोघांच्या नावावर होते. नाटक न्यूयॉर्कला येण्याआधी वॉशिंग्टनला लागले, तिथल्या परीक्षणांत सॉन्डहाइम यांचा उल्लेखही झाला नाही. पोरगा हिरमुसलेला पाहून बर्नस्टाइन यांनी उदारपणे आपले नाव गीतांवरून काढून घेतले आणि त्याबरोबर मानधनातला आपला वाटाही देऊ केला. सत्तावीस वर्षांचा गीतकार म्हणाला, पैशांचे राहू द्या, श्रेय महत्त्वाचे. त्या क्षणी आपल्या तोंडात कोणी बोळा कोंबला असता तर बरे झाले असते, असे पुढे ते हसत सांगत. श्रेयाची भूक इतकी असते. आणि ती भागवायला संगीतकाराला आपले नाव मागे घ्यावे लागले, कारण दोन नावे शेजारी आली की लोक मोठे नाव वाचतात.

पण माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके वर्ष १९६३ चे आहे. ‘अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम’ हे प्राचीन रोममध्ये घडणारे धमाल फार्सिकल नाटक. यात प्रथमच सॉन्डहाइम यांचे शब्द आणि चाली दोन्ही ब्रॉडवेवर आले. वॉशिंग्टनच्या पूर्वप्रयोगांत हे नाटक पडत होते. विनोद चांगले होते, नट चांगले होते, प्रेक्षक मात्र हसत नव्हते. ‘वेस्ट साइड स्टोरी’चे दिग्दर्शक आणि नृत्यरचनाकार जेरोम रॉबिन्स यांना मदतीला बोलावले, त्यांनी पाहिले आणि निदान केले की दोष पहिल्या गाण्यात आहे: ते मंद आणि गोड होते, त्यामुळे प्रेक्षक एखाद्या नाजूक सुखात्मिकेची वाट पाहत बसत आणि फार्स सुरू झाला की गोंधळत. सॉन्डहाइम यांनी आज विनोद आहे, बाकी काही नाही, असे रोखठोक सांगणारे नवे प्रारंभगीत लिहिले आणि त्याच नाटकाला, त्याच विनोदांना लोक खुर्चीत मावेनासे झाले. आपल्याकडे नांदीनंतरच्या सूत्रधार-नटीच्या प्रवेशाचे काम हेच असते, पण एका पदाने पडते नाटक उचलल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. या नाटकाला सहा टोनी मिळाले. सर्वोत्कृष्ट संगीत नाटक, संहितालेखक, दिग्दर्शक, निर्माता, मुख्य नट, सहायक नट असे सगळे पंगतीला बसले. त्या वर्षी संगीतकार-गीतकारांचा पुरस्कार अस्तित्वात होता, आणि त्याच्या नामांकनांतही सॉन्डहाइम यांचे नाव नव्हते.

मग १९७१ उजाडले. त्या एका वर्षी टोनीने संगीत आणि गीते असे दोन वेगळे पुरस्कार दिले. दोन्ही ‘कंपनी’ या नाटकासाठी, दोन्ही सॉन्डहाइम यांना. गीतांना वेगळे आसन मिळाले त्या वर्षी त्यावर येऊन बसला तो शेजारच्या आसनाचाही मानकरी! ज्यांच्यासाठी हा वेगळेपणा कामाचा होता, म्हणजे जे फक्त शब्द लिहितात, त्यांच्या हाती काही पडले नाही. दोन्ही पुरस्कार एकाच माणसाला जात असतील तर वेगळे ठेवायचे कशाला, असे कोणाला वाटले असेल तर त्याला दोष देता येत नाही. नंतर पुन्हा एकच पुरस्कार झाला आणि आजवर तसाच आहे. त्याच्या अधिकृत नावात संगीत ‘आणि/किंवा’ गीते असे शब्द आहेत.

या ‘आणि/किंवा’वर मी बराच वेळ अडून राहिलो. व्यवहारात त्याचा अर्थ असा होतो की गीते नसली तरी चालेल. २०१९-२० चा हंगाम महामारीने अर्धवट तोडला आणि त्याचे पुरस्कार सप्टेंबर २०२१ मध्ये दिले गेले. त्या वेळी या विभागातील पाचही नामांकने गद्य नाटकांच्या पार्श्वसंगीताला होती आणि पुरस्कार ‘अ ख्रिसमस कॅरोल’साठी ख्रिस्तोफर नाइटिंगेल यांना मिळाला. त्यांच्या कामाविषयी तक्रार नाही. नियमात बसत होते. पण नुसत्या संगीताला मिळू शकणारा हा पुरस्कार एखाद्या गीतकाराला, संगीतकार सोडून, एकट्याला मिळाल्याचे उदाहरण मला तरी आठवत नाही. ‘किंवा’ एकाच बाजूला उघडणारे दार आहे.

याचा अर्थ गीतकारावर नेहमी अन्यायच होतो असा नाही. १९३२ साली ‘ऑफ दी आय सिंग’ या संगीत नाटकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले, असा मान मिळवणारे ते पहिले संगीत नाटक. त्या वेळी दोन संहितालेखक आणि गीतकार आयरा गर्शविन यांची नावे पारितोषिकात होती. संगीतकार जॉर्ज गर्शविन, म्हणजे आयरांचा धाकटा आणि कितीतरी अधिक प्रसिद्ध भाऊ, वगळला गेला, कारण पारितोषिक नाट्यलेखनाचे आणि चाल म्हणजे लेखन नव्हे. एकाच घरातल्या दोन भावांत अशी वाटणी झाली. तेव्हा प्रश्न द्वेषाचा नसून रकान्यांचा आहे. पुरस्काराची चौकट साहित्याची असेल तर सूर बाहेर पडतात, संगीताची असेल तर शब्द.

त्याच गर्शविन घराण्याशी जोडलेली दुसरी गोष्ट सॉन्डहाइम फार आस्थेने सांगतात. १९३५ च्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरातील गीते म्हटली की लोकांना आयरा आठवतात. त्यांतली उत्तम गीते बहुतांशी ड्यूबोज हेवर्ड यांची आहेत. हेवर्ड मूळचे कवी आणि कादंबरीकार. पेशेवर गीतकार नव्हते, म्हणून त्यांचे नाव मागे पडले. ‘समरटाइम’ या अंगाईच्या पहिल्याच ओळीत उन्हाळा आहे ‘आणि’ जगणे सोपे आहे, अशी जोडणी आहे. तिथे ‘जेव्हा’ हा शब्द सहज आला असता, तो व्याकरणाने अधिक रीतसरही ठरला असता. हेवर्ड यांनी ‘आणि’ लिहिले आणि ओळ बोलीची, सैलसर आणि काव्याची झाली. एका उभयान्वयी अव्ययासाठी सॉन्डहाइम एवढे थांबतात. हा परिच्छेद वाचल्यावर टोनीच्या नावातील ‘आणि’ मला आणखी दरिद्री वाटू लागला.

हेवर्ड यांची गोष्ट वाचताना मला वि. सी. गुर्जर आठवणे अपरिहार्य होते. ‘एकच प्याला’ गडकऱ्यांचे, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि नाटक त्यानंतर रंगभूमीवर आले. त्यातील पदे गुर्जरांनी लिहिली. गुर्जर कथालेखक म्हणून नावाजलेले, पदे हा त्यांचा मुख्य उद्योग नव्हता. मी साथ केलेल्या नाट्यगीतांच्या कार्यक्रमांत ‘आता ऐकू या गडकऱ्यांचे पद’ असे म्हणून ‘कशि या त्यजूं पदाला’ सुरू झाल्याचे मी इतक्यांदा ऐकले आहे की आताशा ऑर्गनच्या भात्यावर पाय जरा जोरात पडतो, एवढेच. निवेदकाच्या हातातील कागदावर नाटक, राग, मूळ गायक आणि आजचा गायक असे चार रकाने असतात. पाचवा नसतो.

मराठीत हे विस्मरण आणखी एका कारणाने सोपे झाले. अण्णासाहेब किर्लोस्कर, देवल, खाडिलकर यांच्यापासून विद्याधर गोखले यांच्यापर्यंत पदे नाटककारच लिहीत आला. तेव्हा गीतकार हा वेगळा प्राणी आहे हेच ध्यानात राहिले नाही. जिथे तो खरोखर वेगळा होता तिथे त्याची पंचाईत झाली. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’साठी अनंत काणेकरांनी गीते लिहिली, ‘हे बंध रेशमाचे’साठी शांता शेळके यांनी. ‘काटा रुते कुणाला’ या गीताची चर्चा अभिषेकीबुवांच्या चालीवर आणि गळ्यावर सुरू होते आणि बहुतेक तिथेच संपते. शान्ताबाईंना कवयित्री म्हणून मान मोठा मिळाला, पण नाटकातील एका पात्राच्या मुखी शोभेल असे दुःख लिहिणे हे निराळे काम आहे, आणि त्या कामाचा हिशेब कोणी वेगळा मांडत नाही.

हे काम दिसत का नाही, याचे उत्तर मला पहिल्या खंडातील ‘सेंड इन द क्लाउन्स’च्या पानांवर मिळाले. ‘अ लिटल नाइट म्युझिक’ची तालीम चालू असताना नायिका ग्लिनिस जॉन्स यांच्यासाठी हे गीत ऐन वेळी लिहिले गेले. त्यांचा आवाज गोड, रुपेरी, पण दम लहान. लांबवलेला स्वर त्यांना पेलत नसे. म्हणून सॉन्डहाइम यांनी छोटे छोटे प्रश्न लिहिले. प्रश्न लहान असला की श्वास घ्यायला जागा मिळते, आणि शेवटचा शब्द व्यंजनावर तुटला की स्वर धरून ठेवावा लागत नाही. प्रेक्षकाला ऐकू येते ती एका थकलेल्या, उशिरा शहाणी झालेल्या बाईची खिन्नता. त्यामागे नटीच्या फुप्फुसांचे मोजमाप आहे हे कोणाला कळावे?

आता गुर्जरांची ओळ पाहा. ‘कशि या त्यजूं पदाला’. ओळ संपते ‘ला’वर, उघड्या आकारावर. गाणार होते बालगंधर्व, ज्यांना दम आणि आलाप यांची चिंता नव्हती. त्यांना हवी होती मोकळी जागा, जिथे सूर पसरता येईल, फिरून समेवर आणता येईल. सिंधूची विनवणी त्या आकारात मावते आणि गायकाची हौसही भागते. ऑर्गनवर बसून ‘दाला’वर सूर धरून ठेवताना हे मला बोटांनी कळत होते, त्याचे कारण गुर्जरांच्या लेखणीत आहे हे कळायला न्यूयॉर्कहून पुस्तक यावे लागले. एकाने गळा आखूड म्हणून व्यंजनावर ओळ तोडली, दुसऱ्याने गळा विशाल म्हणून स्वरावर सोडली. दोन्हीकडे प्रेक्षकाने टाळ्या दिल्या त्या गळ्याला.

टोनीचे मतदार आठशेच्या आसपास असतात. ते नाटक बहुधा एकदा पाहतात आणि घरी जातात. एका ऐकण्यात चाल कानात राहते, नेपथ्य डोळ्यांत राहते. शब्द, तेही नीट बसलेले असतील तर, पात्राचेच वाटतात. ठिगळ दिसते, रफू दिसत नाही. ड्रामा डेस्क या न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या पुरस्कारात संगीत आणि गीते यांचे वेगवेगळे विभाग आहेत आणि तिथे हा प्रश्न निम्मा सुटतो. माझे मत असे की टोनीनेही ते करावे, आणि मतपत्रिकेबरोबर गीतांची छापील प्रत पाठवावी. चार गीते वाचायला कितीसा वेळ लागतो? मात्र सॉन्डहाइम यांच्यावर अन्याय झाला असे म्हणणे मला जड जाते. २००८ च्या जीवनगौरवासह आठ टोनी आणि ‘संडे इन द पार्क विथ जॉर्ज’साठी १९८५ चे पुलित्झर असलेला माणूस दुर्लक्षित नव्हे. त्यांच्या यादीत केवळ गीतकार म्हणून मिळालेला टोनी एकच आहे, १९७१ चा, आणि तोही त्यांनी संगीतकार असताना मिळवलेला. दुर्लक्ष झाले ते ह्यूज यांच्याकडे, आणि ‘जिप्सी’ लिहिणाऱ्या त्या तरुण सॉन्डहाइम यांच्याकडे.

स्वतः लेखकाला या सगळ्याचे फारसे सुतक नाही. दुसऱ्या खंडात पुरस्कारांच्या निरुपयोगीपणावर त्यांचे एक छोटेखानी प्रकरण आहे. ते खुसखुशीत आहे, पण कपाट भरलेल्या माणसाने कपाटाची निंदा करावी तसे थोडे वाटते. एकूणच दुसरा खंड पहिल्यापेक्षा सैल आहे. ‘संडे इन द पार्क’ आणि ‘इनटू द वुड्स’ यांची प्रकरणे उत्तम आहेत. मात्र वर्षानुवर्षे नाव आणि रूप बदलत राहिलेल्या ‘रोड शो’ची सारी आवर्तने सविस्तर दिली आहेत आणि तिथे माझी तरी दमछाक झाली. चित्रपट, दूरचित्रवाणी आणि उमेदवारीच्या काळातील लेखनाचा भाग अभ्यासकाच्या कामाचा आहे.

तेव्हा संपूर्ण खोके मागवण्याची गरज नाही. एकच घ्यायचा तर पहिला खंड घ्यावा. परदेशातून कोणी येणार असेल तर त्याच्याकडूनच मागवावा, कारण टपालखर्च पुस्तकाच्या अंगावर येतो. इंग्रजी यमकांची सवय नसलेल्यांनी आधी त्यातल्या ‘स्वीनी टॉड’ या नाटकाचे ध्वनिमुद्रण ऐकावे आणि मग त्याची पाने उघडावीत, सुरुवातीच्या प्रस्तावनेत अडकू नये. संगीत नाटकासाठी पदे लिहिणाऱ्या, लिहू पाहणाऱ्या मराठी लेखकाने मात्र दोन्ही खंड कुणाकडून तरी मिळवून वाचावेत, भाषा परकी असली तरी.

माझ्या साथीच्या वहीत प्रत्येक पदाच्या डोक्यावर डाव्या कोपऱ्यात राग आणि ताल, उजव्या कोपऱ्यात पट्टी लिहिलेली असते. मधली जागा तीस वर्षे रिकामी होती. गेल्या महिन्यापासून तिथे पेन्सिलीने पदकर्त्याचे नाव लिहीत आहे. एकशे चाळीस पदांपैकी अकरांची नावे अजून सापडायची आहेत.